उन्हातलं लिंबू

गोवावेसच्या सिग्नलला रचनाने स्कूटर थांबवली आणि मला लिंबाचा वास आला. एवढंच झालं. वास तिच्या हातांना होता. हात हँडलवर होते आणि हँडलवर चारचं ऊन पडलं होतं, मार्च संपतानाचं, बेळगावला शोभत नाही असलं ऊन. शेजारी एक टेम्पो घुरघुरत होता, त्याचा धूर होता, तापलेल्या सीटचा वास होता, आणि त्या सगळ्यातून लिंबू वर आलं. भर दुपारी कोंबडा आरवला की बायका हातातलं काम थांबवून एकमेकींकडे बघतात. सगळ्यांना वाटतं की काहीतरी जागचं हललं आहे. तसं मला झालं. लिंबाचा वास माझ्या ओळखीचा. ऊन तर काय, जन्मभर पाठीवर वागवलेलं. पण ती दोन्ही अशी एका जागी मला कधी भेटली नव्हती. हे तेव्हा मला बोलून दाखवता आलं नसतं. मी फक्त पुढे वाकले आणि सुनेच्या खांद्यावरून तिचे हात बघितले.

हातांच्या पाठीवर ओघळ होते. बोटांच्या मुळापासून निघून मनगटाकडे गेलेले, वाकडेतिकडे, पावसाळा संपल्यावर मातीच्या भिंतीवर पाण्याचे राहतात तसे. जुने तपकिरी पडलेले, नवे तांबडे, आणि उजव्या अंगठ्याच्या मागे एक पाण्याने भरलेला फोड. महिनाभर ती हे हात पदराखाली, ओढणीखाली, लेकीच्या, आरोहीच्या, पाठीमागे लपवत होती. घरात मी तिचे हात पुष्कळदा बघितले होते, पण घरात बघणं वेगळं. उन्हात ते ओघळ मला कुठेतरी आधी बघितल्यासारखे वाटले. कुणाच्या तरी हातावर. कुणाच्या, ते येईना.

"काय बघाय लागलाय आत्या?" तिने आरशातून विचारलं.

"तुझं हात."

"नका बघू. बघून बघून त्येंलाबी लाज याय लागलीया."

सिग्नल सुटला. ती हसली असावी, कारण तिची पाठ हलली. पण मला माहीत होतं की आज सकाळपासून ती मनातून घाबरलेली आहे. हे हात दाखवायलाच आम्ही टिळकवाडीला कातडीच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या ज्या कारखान्यात ती कामाला आहे, तिथल्या सुपरवायझरने, राघवेंद्रने, तिला सांगितलं होतं की मशीनवरचं पाणी तुझ्या कातडीला सोसत नाही, डॉक्टरला दाखव, आणि डॉक्टर तसं म्हणाले तर "बेडव्वा आता मशीन, परत पॅकिंगला जा." बेडव्वा, म्हणजे नको बाई. हा राघवेंद्र माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याला तिच्या हातांची काळजी होती आणि त्या काळजीपायी तिचं मशीन जाणार होतं.

मशीन म्हणजे काय, हे मला तिनेच सांगितलं. एक लोखंडी दांडा फिरत असतो, त्याला पातं लागतं, वरून दुधासारखं पांढरं पाणी पडत राहतं, आणि लोखंडाची साल केसांच्या बटेसारखी गोल गोल निघते. ती आयटीआय शिकून आली होती. तरी दोन वर्षं तिला खोक्यांत माल भरायला ठेवलं होतं, बाईमाणूस म्हणून. मग एकजण दुबईला गेला आणि गेल्या पावसाळ्यात तिला मशीन मिळालं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा जेवायला बसलीच नाही. उभ्यानेच भाकरी खात सांगत राहिली. पातं बोथट व्हायला लागलं की आवाज बदलतो, म्हणाली, दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी मला कळतो. माझा मुलगा नागेंद्र गोव्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, तो त्या दिवशी घरी होता. तो म्हणाला, "इंजिनाचं मलाबी तसंच कळतंय." तर ती म्हणाली, "तुमचं इंजिन बंद पडल्यावर कळतंय तुमाला." मी पुष्कळ हसले होते. बेळगावातल्या आमच्या शहापुरात गल्लीत अजून माग चालतात. एखादा माग अडखळला की विणकराच्या आधी त्याची म्हातारी आतून ओरडते. तेव्हा ही आवाजाची गोष्ट मला लगेच पटली. ज्याला कामाचा आवाज ऐकू येतो त्याला त्या कामावरून उठवू नये. आवाज त्याच्या कानात राहतो आणि हात रिकामे होतात. तंबाखूच्या वखारीतलं माझं काम सुटलं त्यानंतर कितीतरी दिवस मी झोपेत चाळणी हलवत होते.

त्या मशीनवर हातमोजे घालायला बंदी आहे. मी आधी म्हटलं होतं, मोजे मागून घे. तर तिने मला समजावलं की फिरत्या दांड्याने मोज्याचं टोक धरलं तर तो बोटं सोडत नाही, ओढून नेतो. म्हणजे उघड्या हातांनीच काम. संध्याकाळी हाताला तेलाचा आणि लोखंडाचा वास, नखांत काळं. त्या पावसाळ्यात एकदा तिने आरोहीला भरवायला घास पुढे केला तर पोरगी तोंड फिरवून म्हणाली, "तुझ्या हाताला मशीनचा वास येतोय, आजी भरवू दे." रचना न्हाणीत जाऊन कपड्याच्या साबणाने हात घासत बसली, चांगला वेळ. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या डब्यात अर्धं लिंबू ठेवायला लागले. म्हटलं, कामावरून सुटलीस की हे हाताला चोळ आणि मग धू. तंबाखूचा चिकटा जातो याने, तुझं तेल काय घेऊन बसलीस. आणि खरंच वास गेला. आरोही आईच्या हातून जेवायला लागली. मला बरं वाटलं. घरात कुणाला तरी माझ्या हातचं काही उपयोगी पडलं, हे म्हातारपणी रोज होत नाही.

डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खाली औषधांचं दुकान, जिना अरुंद. बाकावर आमच्या आधी तीन-चारजण होते. रचनाने हात ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवले, बाळ झोपवल्यासारखे. ती सकाळच्या पाळीवर गेली होतीच, पाळी सुटल्यावर हात धुऊन तशीच शहापूरला आली आणि मला घेऊन इकडे. तिच्या शेजारी एक जाडजूड बाई होती, कपाळावर पट्टी. ती म्हणाली, "तुमचं काय?" रचना म्हणाली, "हात." बाई म्हणाली, "माझं तोंड." आणि दोघी हसल्या. मी भिंतीकडे बघत होते. भिंतीवर एका गोऱ्या बाईचं चित्र होतं, तिच्या गालावर मलम आणि वर सूर्य. सूर्याला डोळे काढले होते आणि तो रागावलेला होता. मला त्या सूर्याची गंमत वाटली. आमच्या वेळी ऊन रागावतं असं कुणी म्हणत नव्हतं. ते तिथे होतं, नवरा असतो तसं, आणि त्याच्यापासून काय काय झाकायचं ते सासू शिकवायची.

माझी सासू यशोदाबाई. निपाणीच्या अलीकडे आमचं गाव, सगळा माळ तंबाखूचा. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात तिने मला पहिल्या दिवशी शेतावर नेलं आणि निघायच्या आधी नवऱ्याचा जुना सदरा माझ्या अंगावर फेकला. लांब बाह्यांचा, मनगटाला बटणं असलेला. लुगड्यावरून तो घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायची, डोक्याला टॉवेल. मला रडू आलं. नवी नवरी मी, हातात हिरव्या बांगड्या, आणि हा पुरुषाचा घामट सदरा. सासू म्हणाली, "बांगड्या आत घाल, बाह्या खाली वढ. तंबाखू नवरी बघत न्हाय." तिचं खरं होतं. पाठीवर ऊन आणि पोटाशी तंबाखूचं पान, दोन्हीकडून माणूस भाजायचं. दव पडलेलं पान उघड्या दंडाला लागलं की थोड्या वेळाने मळमळायचं, डोकं गरगरायचं. सदरा असला की निदान दंड वाचायचे. पुढे आयुष्यभर मी तसले सदरे घातले. एक फाटला की दुसरा. आजही मी न्हाणीत बसले की मला गंमत वाटते. मनगटाच्या खाली माझे हात काळे, सुरकुतलेले, सासूचे असावेत तसे. मनगटाच्या वर आईच्या रंगाचे. माझ्या अंगावर ती रेघ अजून आहे. एकाच बाईचे दोन वयांचे हात.

पण हातांचे पंजे झाकता यायचे नाहीत. शेंडे खुडताना, फुटवे काढताना पंजेच लागतात, आणि तंबाखूचा चिकटा बोटांवर चढत जातो, आधी पिवळा, मग काळा, मग डांबरासारखा. त्या हाताने भाकरी खाल्ली तर कडू जहर. साबणाला तो दाद देत नाही. तेव्हा लिंबू. घरी यायचं, वैरण टाकायची, चूल पेटवायची, मग सासू देवापाशी दिवा लावायची आणि विळीवर लिंबू चिरायची. एक फोड तिला, एक मला. न्हाणीच्या दगडापाशी आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, मध्ये चिमणी, आणि हात चोळायचो. काळं पाणी दगडावरून वाहायचं. तिथे आम्ही फारसं बोलत नव्हतो. दिवसभर तिने मला टोकलेलं असायचं, मी मनात धरलेलं असायचं, आणि ते सगळं त्या पाण्याबरोबर जायचं असं नाही, पण सैल व्हायचं. लिंबाचा वास म्हणजे मला तो उजेड. पिवळा, थोडा धुरकट, सासूचं तोंड खाली वाकलेलं. मघाशी सिग्नलला मला काय खटकलं होतं ते आता थोडं लक्षात आलं. लिंबाला उजेड चुकीचा होता.

"आत्या, डॉक्टर पाण्यानंच झालंय म्हणाल्या तर काय करायचं?" रचनाने हळूच विचारलं. आता ती हसत नव्हती.

"पॅकिंगला पगार कमी हाय व्हय?"

"पगाराचं न्हाय वो. खोकी भरताना आवाजच येत न्हाय कसला. नुसती चिकटपट्टी फाडल्याचा." ती थांबली. "मी सरांना सांगितलंय, पैल्यांदा एवढं न्हवतं. पावसाळा गेला, थंडी गेली, त्याच पाण्यात हात घातलं की मी. काय झालं न्हाय. होळी झाल्यावर सुरू झालं. मग पाणीच कसं असंल?"

"पाणी बदललं असंल त्येंनी."

"न्हाय. तेच हाय. मीच वततो की टाकीत. पाळी तेवढी बदललीया."

थंडीत ती दुसऱ्या पाळीला होती. निघायची दुपारी, यायची ती सगळी निजल्यावर. होळीनंतर पहिली पाळी लागली, पहाटे जाऊन भर उन्हात परत. हे मलाही माहीत होतं, कारण डबा मीच करते. पण दोन माहीत असलेल्या गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी असूनही एकमेकींशी बोलत नाहीत, असं पुष्कळदा होतं. भाड्याच्या चाळीत राहिल्यासारख्या. मी त्या गोऱ्या बाईच्या चित्राकडे बघत राहिले, आणि एकदम मला तायव्वाचे हात दिसले.

तायव्वा आमच्याच टोळीतली. उंच, सावळी, तोंडाने फटकळ. एकदा गुरुवारी निपाणीच्या बाजाराला जायचं म्हणून ती दुपारीच शेतातून सुटली. नवी साडी नेसायची होती, हात काळे कसे चालतील? विहिरीवर बसून दोन लिंबं चोळून हात लख्ख केले आणि उन्हातून चालत बाजाराला गेली. बाजारात मिरवली, जिलेबी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिच्या हातांवर फोड आले. ओघळाओघळाने, कोपरापर्यंत. सगळे म्हणाले नागीण आहे. कुणी काव लावली, कुणी मंत्र टाकला. तायव्वा ओरडत होती, "नागीण न्हवं, त्या जिलेबीवालीची नजर हाय!" आणि माझी सासू पारावरून म्हणाली होती, काहीतरी म्हणाली होती, त्यावर बाया हसल्या होत्या. मीही हसले होते. काय म्हणाली होती ते मला आठवेना. सासू जाऊन आता इतकी वर्षं झाली की तिचा आवाज यायचा तर आधी तिचं तोंड आठवावं लागतं, मग हात, मग कुठे आवाज. वाक्य जिभेच्या टोकाला होतं आणि आतून आमचं नाव पुकारलं.

डॉक्टर अदिती आमच्या रचनाहूनही लहान दिसत होत्या. केस मागे बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत. मला उगीच बरं वाटलं. "आजी, तुम्ही खुर्चीवर बसा," म्हणाल्या, आणि रचनाचे हात आपल्या हातांत घेतले. घेतले म्हणजे खरंच घेतले, उलटे केले, सुलटे केले, बोटं एकेक फाकवली. महिनाभरात त्या हातांना कुणी असं धरलं नव्हतं. रचनाने मशीनचं सांगितलं, पांढऱ्या पाण्याचं, राघवेंद्र सरांचं. मोज्यांचंही सांगितलं.

"खाज येते की जळजळ?"

"जळजळ. खाज न्हाय."

"बोटांच्या बेचक्यात?"

"तिथं काय न्हाय."

"तेच बघतेय मी. मशीनच्या पाण्याने झालं असतं तर आधी बेचक्यात झालं असतं. तळव्याला भेगा पडल्या असत्या. तुमचा तळवा चांगला आहे. हे सगळं वर वर आहे, आणि काहीतरी ओघळल्यासारखं." त्यांनी मान वर केली. "हाताला आणखी काय लावता? घरचं काही?"

"काय न्हाय," रचना म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे डॉक्टरला घरचं सांगायचं नसतं. हळद, राख, कोरफड, एरंडेल ही घरात करायची आणि दारात विसरायची, कारण डॉक्टर रागावतात. मी जन्मभर तसंच केलं. शिवाय लिंबू म्हणजे काय लावण्यातलं थोडंच, ते तर जेवणातलं. मी रचनाकडे बघितलं. ती डॉक्टरांकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आता कोण काय म्हणणार याची वाट बघताना असतात तसे. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा, नीट बघू," आणि टेबलाचा दिवा ओढून तिच्या हातांवर धरला. बटण टक् वाजलं. हातांवर पिवळा उजेड पडला. न्हाणीचा दगड, काळं पाणी, खाली वाकलेलं तोंड. आणि पारावरून सासूचा आवाज आला, स्पष्ट, थोडा बसका, "दिवा लागल्याबिगर लिंबू चिराय नगं म्हणून बोंबलतो, तर ऐकतंय कोण!"

"लिंबू," मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"मी देतो तिला डब्यात. वास जावा म्हणून. सुटल्यावर ती कारखान्यातल्या नळावर चोळती आणि गाडीवर बसून येती. आजबी चोळलंय. मला वास आला."

रचना म्हणाली, "आवो आत्या, लिंबानं काय हुतंय?" आणि मग तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

डॉक्टर हसल्या. रागावल्या नाहीत. "पुढचा प्रश्न तोच होता माझा. उन्हाळ्यात सरबताच्या गाड्यावरची माणसं येतात असे हात घेऊन. नुसतं लिंबू एवढं करत नाही, नुसतं ऊनही करत नाही. रस कातडीवर असताना ऊन पडलं की भाजतं, आणि मग डाग राहतात. आजी, तुम्ही लावायचात तेव्हा तुम्हाला नाही झालं कधी?"

"आमी दिवा लागल्यावर लावत होतो."

"कोणी सांगितलं होतं?"

"सासूनं."

"शहाण्या होत्या," डॉक्टर म्हणाल्या आणि पेन घेतलं.

त्या रचनाला सांगत होत्या आणि मी अर्धंच ऐकत होते. मशीन सोडायचं काही कारण नाही. पण म्हणून ते पांढरं पाणी काही गंगाजळ नव्हे. कामाच्या आधी एक मलम लावायचं, मऊ साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, टाकीतलं पाणी वेळेवर बदलायला लावायचं. कपड्याचा साबण बंद. फोड फोडायचा नाही. डाग जायला पावसाळा उजाडेल, पण जातील. तोवर हातांना ऊन लागू द्यायचं नाही. "म्हंजे माझं मशीन ऱ्हातंय?" रचनाने मध्येच विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "राहतंय. लिंबू जातंय." तशी ती इतकी मोठ्याने हसली की बाहेरची पट्टीवाली बाई दारातून डोकावली.

मी सासूचा विचार करत होते. तिला माहीत होतं का? नसावं. तायव्वाच्या आधी आणखी कुणीतरी तायव्वा झाली असेल, तिला बघून कुणीतरी ठरवलं असेल, आणि ते एकीकडून दुसरीकडे येत येत सासूपर्यंत आलं. येताना कारण वाटेत सांडलं, नियम तेवढा पोचला. सासूने तो मला दिला, केर, नखं, उंबरा, तिन्हीसांजा यांच्या गाठोड्यात बांधून. पन्नाशी उलटल्यावर मी देवळाच्या ओसरीत साक्षरतेच्या वर्गाला बसायला लागले. अक्षरं यायला लागली तसं ते गाठोडं मला जड वाटायला लागलं. बेळगावला आले तेव्हा तिकडेच टाकून आले, आणि टाकल्याचा मला अभिमान होता. दिवेलागणीला केर काढायचे मुद्दाम. दिवसा लिंबू चिरायचे. सासूने कारण हरवून नियम दिला. मी नियम टाकून लिंबू तेवढं दिलं. आणि मधे ही पोर भाजली. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडं, आणि फार वेळ टिकलं नाही. कारण त्याच वेळी मला असंही वाटत होतं की सासू आत्ता या खोलीत होती. तिने मला पुन्हा एकदा टोकलं होतं, आणि या वेळी मी ऐकलं होतं.

खाली उतरलो तर ऊन अजून होतं. तिरपं, पण होतं. रचना स्कूटरपाशी गेली, हँडलकडे बघितलं आणि परत आली. आम्ही औषधांच्या दुकानाच्या पायरीवर सावलीत बसलो. आरोही शेजारच्या वसुधाबाईंकडे होती, घाई नव्हती. रचनाने राघवेंद्रला फोन लावला. "सर, मशीन माझंच हाय. डॉक्टर म्हणाल्या पाण्याचं न्हाय ते. लिंबाचं. लिंबू, लिंबू. निंबिहण्णू सर!" पलीकडून मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "मी रोज चहात पिळतो की गं ते!" रचना म्हणाली, "मग चहा उन्हात पिऊ नका," आणि मलमाचं, साबणाचं, टाकीचं त्याला सांगायला लागली. साहेबाला सांगावं तसं नाही, मशीनवरच्या माणसाने सांगावं तसं.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "पेटीत तुझ्या मामंजींचा एक सदरा हाय. लांब बाह्यांचा. उद्या बाह्या कापून देतो. बोटांपातूर येतील. गाडीवर तेवढ्या घाल, मशीनवर काढून ठेव."

"पोरं हसतील कारखान्यात."

"हसू देत की. त्येंच्या आयांनीबी घातल्यात."

तिने मान डोलवली. मग थोड्या वेळाने विचारलं, "तुमी रडला होता म्हणं पैल्यांदा घालताना? हे सांगत होते."

"नागेंद्रला काय म्हाईत? तवा त्यो कुठं हुता?"

"तुमीच सांगितलं असणार."

असेल. आपण काय काय सांगून ठेवतो ते आपल्याला माहीत नसतं. रस्त्याच्या पलीकडे मंडक्कीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, गाडा लागला होता. गाडेवाला कांदा चिरत होता, इतका बारीक की सुरीचा आवाज सलग यायचा. रचना ऐकत होती, कान लावून. म्हणाली, "धार हाय अजून सुरीला." मग दोन बोटं वर करून तिने दोन पुड्या सांगितल्या. माणूस पुड्या घेऊन रस्ता ओलांडून आमच्यापाशी आला, खांद्यावर फडकं, हातात अर्धं लिंबू तयार.

"पिळू?"

"थांबा जरा," रचना म्हणाली.

"का वो आक्का? लिंबाबिगर काय मजा?"

"थांबा तर."

तो थांबला. त्याला वाटलं असावं की या दोघी बाया काहीतरी देवाधर्माचं करत आहेत. पुड्या आमच्या मांडीवर, त्याच्या हातात लिंबू, आणि आम्ही तिघं पायरीवर असे वाट बघत बसलो. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं, तिथून टाकीवर, टाकीवरून गेलं. रचनाने हात ओढणीतून बाहेर काढले आणि गुडघ्यांवर मोकळे ठेवले. महिनाभरात पहिल्यांदा. मग रस्त्यावरचे दिवे लागले, आधी दोन, मग एकदम सगळे, पिवळे.

"आता पिळा," ती म्हणाली.